देवालाबी पोट असतंय

मास्तर, ही गोष्ट मी लई वर्षं टाळली. म्हंजे साहेबाची गोष्ट टाळली असं न्हाय, ती तर मी दर नाताळाला सांगतोय, पोरंसोरं मांडीवर घेऊन सांगतोय, लोक हसत्यात, मी बी हसतोय. पण त्या गोष्टीतलं एक तांब्याभर पाणी मी दर वेळी वगळलं. आता तुम्ही परवा घरी आलासा आणि म्हणलासा, शलमोनआप्पा, आपल्या देवळात लांब साहेबाच्या नावाची फरशी बसवायची हाय, त्यांच्या संगं ऱ्हायलेलं माणूस आता तुम्हीच तेवढं उरलाय, तुम्ही सांगा, मी लिवून घेतो. इथपर्यंत ठीक व्हतं. पण उठता उठता चपला शोधत तुम्ही हसून म्हणलासा, तानाक्काच्या ठेच्याचं बी सांगा हं आप्पा. तवापासनं मला जेवण गेलेलं न्हाय. तुमचा काय दोष न्हाय. आपल्या वस्तीत कुणाचं पोट बिघडलं की कोण बी हेच इचारतंय, काय रं, तानाक्काचा ठेचा खाल्लास काय? जी पोरं तानाक्काला वळखत न्हाईत ती बी म्हणत्यात. इतकी वर्षं ती म्हण चाललीय, आणि ती म्हण खोटी हाय हे ठाऊक असलेला माणूस तुमच्या म्होरं बसलाय. तवा लिवा.

माझा जन्म ह्याच वस्तीतला, निपाणीवरनं कोगनोळीकडं जाताना गावकुसाच्या बाहेर जी चिंच दिसतीया तिच्याखालचा. बाप गावची वेसकरकी करायचा, म्हंजे वेशीवर राखण, निरोप पोचवायचे, आणि मेलेलं जनावर ओढायचं. माझं नाव सटवा. पिलेगाच्या साथीत गाव सोडून सगळे रानात पळाले, तवा ह्या मिशनवाल्यांनी आमच्या लोकांना औषध दिलं, हात लावून दिलं, काय सांगू तुमास्नी, हात लावून. लांबनं टाकलं न्हाय. मग पुढं सगळ्या वस्तीनं मिळून ओढ्यात बाप्तिस्मा घेतला. थंडीचे दिस, पाणी असं गार की म्हातारा मल्हारी पाण्यातनं वर आला तो थेट जाळापाशी पळाला, पाद्र्याचा आशीर्वाद त्याच्या मागनं पळत गेला. मला शलमोन नाव दिलं. शलमोन हा लई शहाणा राजा व्हता असं सांगितलं. आई म्हणली, शहाणपण काय दिसत न्हाय, पण नाव असू दे. आणि मरेपतोर सटवाच म्हणली.

पुढं मी बेळगावला कॅम्पात गेलो. आधी पलटणीच्या खाणावळीत बश्या धुतल्या, मग कांदं सोललं, मग हळूहळू सैपाक शिकलो. सूप, कटलेट, कस्टर्ड. ह्या कस्टर्डचं तुमास्नी सांगतो, ते बशीत ठेवलं की हललं पायजे, पण मोडता कामा नये, लाजणाऱ्या नवरीगत. तसं कस्टर्ड करणारा बटलर त्या वक्ताला कॅम्पात माझ्याशिवाय कुणी न्हवता. हे मी गर्वानं सांगतोय, पुढं उपेगी पडणार हाय म्हणून बी सांगतोय. तर निपाणीच्या माळावर मिशनचा बंगला झाला, शेजारी दवाखाना झाला, आणि मला तिथं बटलर म्हणून बोलावलं.

साहेबाचं नाव आमच्या तोंडात बसंना. उंच इतका की बंगल्याच्या दारातनं बी वाकून यायचा, म्हणून लांब साहेब. माणूस सोन्यासारखा. पण मराठी शिकला व्हता पुण्याच्या कुणा शास्त्र्याकडनं. म्हशीमागनं चाललेल्या मल्हारीला थांबवून म्हणायचा, नमस्कार, आपल्या गृही सर्व कुशल आहे ना? मल्हारी मागं वळून बघायचा, आपण म्हंजे आणि कोण आलंय म्हणून. मडमसाहेब दवाखाना बघायच्या. त्यांना मराठी कमी यायचं, पण जेवढं यायचं तेवढ्यात भागायचं, कारण त्यांना हुकूमच द्यायचे असायचे.

आता तानाक्काचं सांगतो. तानाक्का आमच्या वस्तीतली, माझ्याहून मोठी, लवकर नवरा गेलेला. दवाखान्यात आया व्हती. बाळंतपणात तिचा हात असा की बाई वरडायच्या आत मूल बाहेर. तिला एकच मुलगी, शांता. आई दवाखान्यात कामाला म्हणून शांताला बेळगावच्या मुलींच्या बोर्डिंगात जागा मिळालेली, आणि तिथनं पुढं नर्स व्हायचं असं ठरलेलं. तानाक्काचा सगळा जीव नर्सच्या त्या पांढऱ्या टोपीत अडकलेला. चुलीम्होरं बसून बी म्हणायची, माझी शांता टोपी घालून येईल तवा मी पयल्यांदा आजारी पडणार हाय, तोवर मला सवड न्हाय.

तर एका नाताळाच्या आधीची गोष्ट. पयली जर्मनची लढाई अजून लागायची व्हती. लांब साहेब जेवता जेवता थांबला. म्होरं माझं कस्टर्ड. त्याच्याकडं बघत म्हणाला, शलमोन, परमेश्वराने स्वर्ग सोडला, मानवी देह धारण केला, तो मनुष्यांमध्ये राहिला, भुकेला झाला, थकला. आणि मी हे सारे या बंगल्यात बसून शिकवतो. मी म्हणलं, व्हय साहेब, अजून थोडं वाढू का? तो म्हणाला, मी नाताळापर्यंत तुमच्या वस्तीत राहणार, त्यांच्या घरात निजणार, ते खातील तेच खाणार. मडमसाहेबांनी चमचा खाली ठिवला. मला सैपाकघरात बोलावून म्हणल्या, तू संगं जायचं. पाणी उकळून, दूध उकळून, मिरची न्हाय, माशी न्हाय. साहेबाला काय झालं तर मी तुला इचारणार. तुला. असं बोट केलं. त्यांचं ते बोट मला अजून दिसतंय.

साहेब पायी निघाला, खांद्यावर एक वळकटी, चेहऱ्यावर असा आनंद की जणू स्वतःच्याच लग्नाला चाललाय. त्याच्या मागनं, दुसऱ्या वाटेनं, मी बैलगाडी घेऊन. गाडीत काय न्हवतं ते इचारा. रॉकेलची शेगडी, पावाचे डबे, गादी, मच्छरदाणी, आणि गोणपाटात गुंडाळलेली ती भोक पाडलेली खुर्ची, साहेब लोक परसाकडं बसायला वापरत्यात ती. वाटेत एका गाडीवानानं इचारलं, काय रं, सिंहासन कुणाचं? मी म्हणलं, गप जा.

वस्तीत साहेबाला जागा द्यायची म्हंजे कुणाची तरी घ्यायची. मल्हारीचं घर चिंचेखाली, जरा बरं, म्हणून ते रिकामं केलं. म्हातारा जावयाकडं गेला, त्याची शेळी बी गेली, आणि जाताना शेळी असं वरडली की सगळी वस्ती बाहेर आली. तानाक्का दारात हुबी व्हती. म्हणली, बेथलेहेमाच्या गोठ्यात तरी जनावरं जागच्या जागी व्हती बाबा, हितं देव यायच्या आधी शेळीच बाहेर काढली. लोक हसले. साहेबाला कळलं न्हाय, तो बी हसला.

आणि मग माझं काम सुरू झालं. साहेब म्हणाला, मी भुईवर घोंगड्यावर निजणार. मी घोंगड्याखाली गादी घातली आणि कडेनं माती सारवली, गादी दिसू नये म्हणून. सकाळी साहेब उठून म्हणाला, शलमोन, भूमी किती मृदू आहे. पाय दाराबाहेर जायचे, त्यावर कोंबडी बसायची, तेवढं काय मला झाकता आलं न्हाय. साहेबानं नेम केला, रोज एका घरी जेवायचं. मी रोज त्या घरी आधी जायचो. मिरची बंद, तिखट बंद, चटणी बंद. घर त्यांचं, गाडगं त्यांचं, आत रस्सा माझा, मटणाचा पांढरा, मऊ, आजारी माणसाला चालंल असा. घरधनीण साहेबाला वाढायची आणि साहेबासंगं बसलेल्या घरच्या माणसांना बी तेच खावं लागायचं. न्हाय म्हणायची सोय न्हवती, पाहुण्याच्या ताटात एक आणि आपल्या ताटात एक असं आपल्यात करत न्हाईत. बरं, मिरची कांडायचे दिस. साहेब शिंकंल म्हणून मी कांडण बी बंद केलं. सगळी वस्ती मिळमिळीत झाली. माणसं कामावरनं आली की आधी पल्याडच्या वस्तीत जायची, पावण्यांकडं, नुसता एक चटणीचा घास मागायला. मल्हारी मला आडवा आला आणि म्हणला, सटव्या, हा साहेब आमच्यासारखा व्हायला आलाय का आमास्नी त्याच्यासारखं करायला आलाय, तेवढं सांग. मी म्हणलं, म्हाताऱ्या, नाताळापतोर कळ काढ. तो म्हणला, नाताळापतोर मी मरतोय आणि मेल्यावर स्वर्गात बी तुझाच रस्सा असंल तर मी येत न्हाय.

मग रविवार आला. चिंचेखाली उपासना. साहेब हुबा ऱ्हायला, डोळे भरून आलेले, आणि बोलला, प्रिय बंधूंनो, मी आता तुम्हांपैकी एक झालो. मला वाटत होते, तुमचे जीवन फार कठीण असेल. परंतु तुमचे अन्न सौम्य आहे, तुमची भूमी मृदू आहे, तुमच्या ओढ्याचे पाणी देखील उबदार आहे. काय सांगू मास्तर, सगळी वस्ती माझ्याकडं बघाया लागली. मी चिंचेकडं बघत बसलो. मल्हारी आपल्याला आपण म्हणला, उबदार. मग परत म्हणला, उबदार. त्याच्या सुनंनं तोंडात पदर कोंबला.

उपासना झाल्यावर तानाक्का उठली. तिला दवाखान्याची नोकरी, उगाच पुढं यायची तिची चाल न्हवती. पण ती साहेबाम्होरं गेली आणि म्हणली, साहेब, उद्या दुपारी माझ्याकडं जेवायला. मी मागनं गेलो, म्हणलं, आक्का, रस्सा मी सकाळी आणून देतो. ती म्हणली, तू काय बी आणू नगंस. मी म्हणलं, मडमसाहेब मला फाडून खातील. तवा ती मला म्हणली, सटवा, देव आला तवा त्यानं संगं बटलर आणला व्हता काय रं?

 

दुसऱ्या दिशी सोमवार. त्या दिशी निपाणीत कुस्त्यांचं मैदान. लांबलांबनं पैलवान आलेले, आणि माझे पाय सकाळपासनंच तिकडं. आता हितनं नीट लिवा, मास्तर. साहेबाचं पाणी मी रोज शेगडीवर खळखळ उकळायचो, मग तांब्याच्या मोठ्या लोट्यात भरून ठेवायचो, म्हणून तर ते उबदार. त्या दिशी मी शेगडी पेटवलीच न्हाय. एकदा न उकळलं तर काय हुतंय, असं म्हणलं. ओढ्यावर गेलो. वरच्या अंगाला कुणाच्या तरी म्हशी बसल्या व्हत्या. मी धोतराच्या सोग्यातनं पाणी गाळलं आणि लोटा भरला. गाळताना मला बरं बी वाटलं, अगदीच काय आळस केला न्हाय म्हणून.

दुपारी तानाक्काच्या घरी साहेब बसला. तिनं जोंधळ्याची भाकरी, आंबाड्याची भाजी आणि वाटीत हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला, रोजचा, जसा ती खायची तसा. आणि स्वतः बी ताट घेऊन समोर बसली. आपल्यात बाईमाणूस मागनं जेवतं, पण ती समोर बसली आणि घास घेतला. साहेबानं तिचं बघून भाकरी मोडली, ठेचा लावला आणि तोंडात घातला. आधी काय झालं न्हाय. मग कान लाल झाले. मग मान. मग डोळ्यातनं, नाकातनं पाणी. तोंडानं हाऽऽ असा वारा घेत बसला, भर उन्हात धावलेल्या बैलागत. मी लोटा पुढं केला. तानाक्कानं माझा हात धरला, म्हणली, पाण्यानं वाढतंय, थांब, आणि त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठिवला. जरा शांत झाल्यावर साहेबानं इचारलं, आपण रोज हे जेवता? ती म्हणली, व्हय साहेब. ठेचा हाय तवा ठेचा, न्हाय तवा मीठ. तिखट असलं की भाकरी कमी असली तरी पोट भरल्यागत वाटतंय.

साहेबानं ठेच्याची वाटी हातात घेऊन बघितली. मग म्हणाला, तर मग इतके दिवस मी काय जेवत होतो?

तानाक्कानं माझ्याकडं बघितलं.  एक शब्द ती बोलली असती तर माझी नोकरी गेली असती. ती म्हणली, साहेब, पाहुण्याला जे देत्यात ते. आणि त्याला अजून एक भाकरी वाढली. मला झाकलं तिनं. हे मी पुढच्यासाठी सांगून ठेवतोय. तिनं मला झाकलं.

साहेब रडत रडत जेवला, त्यात मिरचीचं रडणं किती आणि दुसरं किती ते देवाला ठाऊक. जेवण झाल्यावर त्यानं लोटा तोंडाला लावला आणि सगळा प्याला. आणि खूश हून म्हणाला, शलमोन, आज पाणी किती गार आहे. मी म्हणलं, व्हय साहेब, थंडी पडलीय. आणि कुस्त्या बघायला पळालो. मास्तर, त्या मैदानात शेवटची कुस्ती कुणी मारली, ते मला आज आठवत बी न्हाय.

मंगळवारी साहेबाला परसाकडं लागलं. साधं न्हाय, असं की माणूस बसला तर उठंना आणि उठला तर पोचंना. मी ती खुर्ची गोणपाटातनं काढंपतोर साहेब वस्तीमागच्या निवडुंगाकडं पळाला बी व्हता. तिथं सकाळची माणसं आपापली जागा धरून बसलेली. साहेब आला तशी सगळी गडबडली, कोण उठायला लागलं. मल्हारी मात्र तसाच बसून म्हणला, या साहेब, बसा, हिकडं काटं कमी हायती. साहेब बसला. मग मल्हारीनं त्याला आपल्या पोटाचं सगळं सांगितलं, तरुणपणापासनं. परत येताना साहेबाचा चेहरा पांढरा झालेला पण डोळं चमकत व्हतं. मला म्हणाला, शलमोन, आज त्यांनी मला जागा दिली.

आणि खरंच, तवापासनं वस्तीचं वागणं बदललं. आजवर लोक त्याच्याम्होरं हात जोडून हुबे ऱ्हायचे. आता आत शिरून इचारायला लागले, काय साहेब, किती वेळा झालं? कुणी ताकाची निवळ आणली, कुणी डाळिंबाची साल, कुणी सांगितलं बेंबीवर हिंग लावा. मल्हारी शेळी घेऊन परत आला, म्हणला, साहेबाला दूध लागंल, आणि आपल्याच घरात एका कोपऱ्यात ऱ्हायला. पोरं अंथरुणावर बसायला लागली. आणि साहेबाच्या विजारी, चादरी धुवायला तानाक्का. मला ते काम झालं न्हाय मास्तर, मी कस्टर्डवाला बटलर, मला किळस आली. ती ओढ्यावर बसून धूत व्हती. मी म्हणलं, आक्का, एवढा मोठा साहेब, धर्म शिकवणारा, आणि काय ही दशा. ती हसली. म्हणली, का? देव माणूस झाला म्हंजे त्याला पोट आलं. पोट आलं म्हंजे कधीतरी बिघडणार. त्याची बी दुपटी मरियाबाईनं धुतलीच असतील की, का आभाळातनं परीट आला व्हता? आणि चादर दगडावर आपटली. मी इतकी वर्षं देवळात बसतोय, लई पाद्री ऐकले, देवानं देह घेतला ह्याचा अर्थ कुणी मला तिच्यापेक्षा सोपा करून सांगितला न्हाय. आपण देवाला घोंगड्याखाली गादी घालत बसतो. तो आलेला असतोय कशाला, ते त्याला करूच देत न्हाय.

मग मडमसाहेब आल्या. कुणीतरी बंगल्यावर कळवलं व्हतं. टांग्यातनं उतरल्या, साहेबाची नाडी बघितली, जीभ बघितली. साहेब तापानं ग्लानीत. त्या बाहेर आल्या. अंगणात मी हुबा, हातात तोच लोटा. पलीकडं तानाक्का, हातावर वाळलेली चादर. मडमसाहेबांचं बोट वर आलं. त्यांनी इचारलं, साहेबानं काय खाल्लं?

लोटा माझ्या हातात व्हता, मास्तर. नुसता वर धरला असता तरी झालं असतं.

मी म्हणलो, तानाक्काच्या घरचा ठेचा.

 तिच्या घरी तोच ठेचा ती खाल्लेली, शेजारीण खाल्लेली, कुणाच्या पोटाला काय झालं न्हवतं, एवढं तिला सांगता आलं असतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग लोट्याकडं बघितलं, आणि चादर नीट घडी करून मडमसाहेबांच्या हातात दिली. मडमसाहेब म्हणल्या, उद्यापासून दवाखान्यात यायचं न्हाय.

साहेब वाचला. बरा झाल्यावर बेळगावात त्यानं मोठं प्रवचन दिलं म्हणं, आजारपणातले ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत पवित्र, असं. मला एकदा इचारलं बी, शलमोन, त्या ठेच्याच्या बाई कशा आहेत? मी म्हणलं, बऱ्या हायत साहेब, निपाणीत चांगलं काम लागलंय. खोटं न्हवतं. काम लागलंच व्हतं, तंबाखूच्या वखारीत. आणि आई दवाखान्यात न्हाय म्हणून बोर्डिंगातली शांताची जागा बी गेली. टोपी घालायची पोर तोंडाला फडकं बांधून आईशेजारी तंबाखू चाळायला बसली. पुढं साहेब बदलून दुसरीकडं गेला, मग त्याच्या देशाला गेला. आणि हिकडं वस्तीत म्हण उरली, तानाक्काचा ठेचा. ती पयल्यांदा कोण म्हणलं असं इचारू नका. मीच म्हणलो असंन. लोकांना हसवायला मला पयल्यापासनं येतंय.

माफी मागायला मी गेलो न्हाय असं न्हाय. त्याच नाताळाला गेलो, बंगल्यातला केक घेऊन. मनुका घातलेला, वरनं साखर. तिनं घेतला, वास घेतला, आणि म्हणली, तू केलास व्हय? पाणी उकळून घातलंस न्हवं? मी जिना न्हवता तरी जिना उतरल्यागत धडपडत बाहेर आलो. म्हंजे तिला ठाऊक व्हतं. पयल्या दिसापासनं.

दुसऱ्यांदा वखारीच्या दारात जाऊन थांबलो. काम सुटलं, बाया बाहेर पडल्या, सगळ्यांची तोंडं बांधलेली, भुवया बी पिवळ्या झालेल्या, वळखायचं कुणाला? मी आक्का म्हणून हाक मारली, तर सगळ्याच वळल्या. तेवढ्यात तंबाखूची धूळ माझ्या नाकात गेली आणि मला शिंका सुरू झाल्या. एकीमागनं एक. तिनं फडकं खाली केलं, म्हणली, काय म्हणत व्हतास? मी म्हणायला जायचो आणि शिंक यायची. बाया हसून हसून बसल्या. ती म्हणली, जा सटवा, घरला जा, आमास्नी सवय हाय, तुला न्हाय. आणि मी गेलो. सुटका झाल्यागत गेलो, खोटं कशाला बोलू.

मग वर्षं गेली. मी कस्टर्ड करत म्हातारा झालो. आता तर साहेब लोकच निघाल्यात, बंगल्यातली खुर्च्याटेबलं माळावर मांडून विकली, आपलंच राज्य येणार म्हणत्यात. येऊ दे, चांगलं हाय. ह्या उन्हाळ्यात कळलं की तानाक्काचं काय खरं न्हाय, छाती भरलीय, निपाणीत शांताकडं हाय. मी गाडी जुंपली. वाटंत सगळं बोलणं घोकलं, मोठ्यानं घोकलं, बैलांना पाठ झालं असंल. गेलो. ती घोंगड्यावर पडलेली, एवढीशी झालेली, पण डोळं तेच. मला बघून म्हणली, आलास व्हय रं, बस. शांता, ह्याला पाणी दे. शांतानं तांब्या आणून ठिवला. शांताचे केस पांढरे झाल्यात आता. मी तांब्या उचलला. तवा तानाक्का म्हणली, पी सटवा. उकळलेलं न्हाय.

मी प्यालो. सगळा तांब्या प्यालो. ती म्हणली, गार हाय न्हवं? मी म्हणलं, व्हय आक्का. ती हसली, हसताना तिला खोकला आला, शांता पाठ चोळायला लागली. माझं घोकलेलं सगळं त्या पाण्यासंगं खाली उतरलं. तिचा खोकला थांबंना म्हणून मी उठलो, म्हणलं, रविवारी येतो आक्का, बोलायचं हाय. तिनं हात वर केला, आशीर्वाद दिला का जा म्हणली, मला कळलं न्हाय. रविवारी गेलो, तो तिला माती द्यायला.

तवा तुमची फरशी बसवा मास्तर, साहेब माणूस चांगला व्हता. पण आमच्यासारखा ऱ्हायला, असं कोरणार असाल तर वस्तीतल्या त्याच्या फक्त शेवटच्या दिसांपुरतं ते खरं हाय, आणि ते दिस त्याला कुणी दिले ते बी कोरा. आणि हे सगळं आधी शांताला वाचून दाखवा. मी संगं येतो, शिंक आली तरी उठणार न्हाय. तिच्या आईम्होरं जे बोलायचं व्हतं ते एवढंच व्हतं, ते शेवटाला लिवा. आक्का, तुझ्या ठेच्यानं काय झालं न्हवतं गं. पाणी माझं व्हतं. मी ते उकळलं न्हवतं. माझं चुकलं.